ठकूबाईचं मटण आणि साहेबाची तांबडी

उभं आयुष्य मी दुसऱ्यांच्या पेल्यात वाईन ओतत आलो. आमच्या भरे गावात हे कुणी चारचौघांत कौतुकानं सांगत नाही. माझा धाकटा भाऊ सोयरिकीच्या बैठकीत ‘आमचे दादा मुंबईला एका क्लबात व्यवस्थेला होते’ एवढंच बोलतो आणि घाईघाईनं विषय भाताच्या पिकावर नेतो. त्याचं चुकतं असंही नाही. आता सरकारनं दारूबंदी केलेली. अशा दिवसांत एका म्हाताऱ्या बटलरनं चकल्या-करंज्यांच्या अंकात तांबड्या वाइनचे गुण गावेत, हे जरा विपरीतच. पण संपादकांनी आग्रह धरला की तुमच्या कामातलं काहीतरी लिहा. माझ्या कामातलं बहुतेक सगळं मी विसरलो आहे. एक रविवार तेवढा विसरता येत नाही, कारण त्या दिवशी मी एका बाईवर जळलो होतो.

विसाचं साल उलटून गेलं होतं. मुळशीला धरणाचं काम ऐन भरात होतं. खाली नदीत दगडी भिंत चढत होती, सत्याग्रही कामाच्या जागेवर येऊन बसत होते, पोलीस त्यांना उचलून नेत होते, आणि वर टेकडीवरच्या साहेबलोकांच्या बंगल्यात मी काटे-चमचे पुसत होतो. माझ्या सख्ख्या आत्याचं गाव पाण्याखाली जाणार होतं. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्याचं मला वाटायला हवं तेवढं वाईट वाटलं नाही. अख्ख्या मुळशी पेट्यात वाईन ओतणं जाणणारा मी एकटा होतो आणि त्याची मला मस्ती होती. माझं नाव धोंडिबा. साहेब मला डोंडी म्हणत आणि मला ते आवडायचं.

या कामात काय आहे, बाटली उघडायची नि ओतायची, असं लोकांना वाटतं. म्हणून थोडं सांगतो. साहेबाकडे तांबडी वाईन दोन प्रकारची असे. एक कुलपातली. धूळ बसलेल्या त्या बाटल्या वर्षानुवर्षं आडव्या पडून असत आणि कुणी फार मोठा माणूस आला तरच निघत. दुसरी रोजची, पुण्याच्या लष्करातल्या दुकानातून खोक्यांनी येणारी. मला विचाराल तर खरी मजा या रोजचीत. तिच्यापुढं हात जोडून बसावं लागत नाही. ती जुनी व्हायची वाट पाहायची नसते, आणि नुसती पीतही बसायची नसते. ती जेवणाबरोबरची. एक घास, एक घोट. चव थोडी आंबट, थोडी तुरट. घोट घेतला की तोंड साफ होतं आणि पुढचा घास पहिल्या घासासारखा लागतो. पेला निम्म्याच्या आतच भरायचा, म्हणजे वास साठायला वर जागा राहते. आता चव मला कशी ठाऊक, हे विचारू नका. पेले धुवायला नेताना तळाशी थोडी उरतेच.

तांबडी वाईन खोलीच्या उबेइतकी असावी, असं साहेबाच्या पुस्तकात लिहिलं होतं. पण ती खोली विलायतेतली. चैत्रात मुळशीच्या खोलीत ठेवलेली तांबडी काढ्यासारखी लागायची. साहेब ती पुस्तकाप्रमाणे प्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. शेवटी मीच एक दिवस बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि पडवीच्या वाऱ्याला अर्धा तास टांगून ठेवली. फार गार नाही, नुसती उन्हातून सावलीत आल्यासारखी. धरणकामाच्या मोठ्या साहेबानं त्या दिवशी कारण विचारलं नाही, दुसरा पेला मात्र मागितला. ही युक्ती माझी स्वतःची. तिच्यावर मी कुणाला हक्क सांगू देणार नाही.

एक कोडं मात्र मला सुटत नव्हतं. पुण्याच्या लष्करात एका गोवेकर बटलरच्या हाताखाली मी शिकलो होतो. त्यानं पढवलेला नियम असा, की मासळी-कोंबडीला पांढरी आणि तांबड्या मांसाला तांबडी. बंगल्याचा स्वयंपाकी पेद्रू मिरच्या आणि शिरका घालून झणझणीत मटण करायचा. मी नियमाप्रमाणे त्याच्याबरोबर तांबडी दिली. साहेबाचे कान लाल झाले. तो म्हणाला, डोंडी, ही वाईन आहे की काडेपेटी? आदल्याच दिवशी भाजलेल्या मांसाबरोबर त्यानं तीच वाईन आनंदानं संपवली होती. बाटली तीच, मांस तांबडंच, मग बिघडलं कुठं? तीन वर्षं मी यावर डोकं खाजवलं.

आता ठकूबाई. ही धनगराची बाई आमच्या बंगल्याला मटण पुरवायची. नवरा वारलेला, दोन मुली पदरात. समोरच्या उतारावर त्यांच्या भावकीची पाच-सहा खोपटांची वस्ती होती आणि थोडी शेळ्यामेंढ्यांची खांडं. दर रविवारी सकाळी दीर बोकड कापायचा आणि ही पळसाच्या पानांखाली मटण झाकून टोपली डोक्यावर घेऊन यायची. वयानं माझ्याएवढीच. मला दादा म्हणायची. बोलणं सडेतोड, आणि नाक असं की माझा संताप व्हायचा. एकदा तिनं मागच्या दारात उभ्या-उभ्याच सांगितलं, ‘‘दादा, तुमचं लोणी कांद्यापाशी ठिवलंय.’’ मी आत जाऊन पाहिलं तर खरंच तसं होतं. साहेबलोकांत माझ्या नाकाची तारीफ व्हायची. ही आली की ते नाक मला उगाच चिकटवल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी ठकूबाई फार घोरात होती. खालचं कुरण पाण्यात जाणारच होतं. वरचा उतार राहणार होता, पण शेळ्यांच्या खुरांनी दगड सुटतात आणि खाली कामावर पडतात, म्हणून वस्तीनं उठावं, असा हुकूम निघाला होता. मोठ्या साहेबानं चिठ्ठी दिली तरच वस्ती राहणार होती. साहेबापर्यंत पोचायला तिच्याकडे मी सोडून दुसरं कुणी नव्हतं. दर रविवारी ती विचारायची, दादा, बोललात का. मी म्हणायचो, बघू, वेळ पाहून बोलू. वेळ अशी रोजच होती. पण त्या तिखट नाकाच्या बाईला माझ्या दारात उभं ठेवायला मला बरं वाटायचं, हे आज कबूल करतो.

अशात मोठ्या साहेबानं मला बोलावून सांगितलं की येत्या रविवारी दुपारी मुंबईहून एक पाहुणा जेवायला येतोय. तो एका मोठ्या क्लबाचा सेक्रेटरी होता, वाइनचा दर्दी होता आणि क्लबासाठी मुख्य बटलर शोधत होता. साहेब म्हणाला, डोंडी, तो वाईन प्यायला नाही, तुला बघायला येतोय. माझी रात्रीची झोप उडाली. मुंबईचा क्लब, पांढरा कोट, हाताखाली दहा माणसं. गावातल्या लोकांची तोंडं बंद करायला मला याहून जास्त काही नको होतं.

शनिवारी पेद्रूला हिवताप भरला. रविवारी सकाळी पुण्याहून आलेलं भाजायचं मांस उघडलं तर उन्हानं उतरलेलं. पाहुण्याची मोटार पिरंगुटचा घाट चढत असेल, आणि माझ्याकडे पाव, अंडी आणि रोजची तांबडी वाईन. मी मागच्या पडवीत बाटलीचं बूच काढून डोकं धरून बसलो होतो. तेवढ्यात ठकूबाई टोपली घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. सांगून काही होणार आहे म्हणून नव्हे, दुसरं कुणी नव्हतं म्हणून. तिनं माझ्या हातातलं बूच पाहिलं आणि बघू म्हणाली. मीही चेष्टेनं दिलं. म्हटलं, सांग बाई, तुझं नाक फार चालतं ना.

तिनं बूच नाकाशी धरलं. मग त्याचं ओलं टोक जिभेच्या शेंड्याला लावलं आणि डोळे बारीक केले.

‘‘जांभळाची हाय व्हय?’’

‘‘द्राक्षाची.’’

‘‘असंल. पर जीभ जांभळावानी आवळती. आवळल्या जिभंला चरबी लागती, दादा. रानात जांभळं खाऊन आलं की आमी मेंढीचं मटान खातो, जीभ मोकळी हुती. अन् ह्येच्यासंगं मिरची देऊ नगा. आवळल्या जिभंवर मिरची आग लावती.’’

तीन वर्षांचं माझं कोडं त्या बाईनं ओल्या बुचावर सोडवलं. पेला नाही, पुस्तक नाही, शिकवणारा नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण अंगातून आग निघाली. मी अकरा वर्षं लोकांचे पेले पुसून, शिव्या खाऊन जे शिकलो, ते हिच्याकडे रानातून चालत आलं होतं. पांढऱ्या कोटाचा लोभ नसता तर मी ते बूच तिच्या हातातून हिसकावून घेतलं असतं.

पण लोभ होता. मी तिलाच म्हटलं, मग तूच रांध. त्या दिवशी टोपलीत मेंढीचंच मटण होतं. ती लगेच कामाला लागली. मागच्या अंगणात तीन दगड मांडले, मांडीचे आणि बरगडीचे चरबीचे तुकडे निवडले, आलं-लसूण ठेचला, कांदा, हळद, चार मिरे. मिरचीला हात लावला नाही. तुकडे त्यांच्याच चरबीत मंद जाळावर परतून झाकण घातलं आणि झाकणावर पाणी ठेवलं. शेवटी खडेमीठ चुरून तीन बोटांच्या चिमटीनं टाकलं. मी म्हटलं, चाखून बघ. ती म्हणाली की आमच्यात रांधताना चाखत नाहीत, पहिला घास बिरोबाचा. एक तुकडा पानावर काढून तिनं दगडाशी ठेवला, हात जोडले आणि भांडं माझ्या हवाली केलं. मग तांदळाच्या चार भाकरी थापल्या.

भांडं देताना ती एवढंच बोलली, ‘‘दादा, साहेबाला ग्वाड लागलं तर म्हना, ठकीनं रांधलंय. आजचा येळ बरा हाय. वस्तीचं तेवढं बोला.’’

मी हो म्हटलं. तेव्हा माझ्या मनातही तसंच होतं, असं मला अजून वाटतं.

जेवण कसं झालं ते काय सांगू. पाहुणा उंच, किडकिडीत, फार न बोलणारा. मी गोणपाटातून काढलेली बाटली पुसून आणली, त्याच्या पेल्यात बोटभर ओतली. त्यानं पेला हातात धरून त्याचा गारवा पाहिला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग मटणाचा घास, मग घोट. मग त्यानं काटा खाली ठेवला. मला वाटलं बुडालो. पण त्यानं तोच घास आणि तोच घोट पुन्हा घेतला, जणू काही पहिल्या वेळी ऐकण्यात चूक झाली असावी. त्यानंतर तो जेवत राहिला. साहेबानं भाकरी मोडून रश्श्यात बुडवली, तर पाहुण्यानंही हातानं भाकरी मोडली. ती रोजची, खोक्यातून आलेली साधी वाईन त्या चरबीबरोबर इतकी गोड झाली की कुलपातल्या बाटल्या कुणी आठवल्या नाहीत. भांडं परत आलं ते पुसून घेतल्यासारखं. कडेला चिकटलेलं थोडं होतं ते मी बोटानं खाल्लं. मीठ एक कण कमी नव्हतं, एक कण जास्त नव्हतं.

शेवटी पाहुण्यानं मला जवळ बोलावलं. म्हणाला, मी पुष्कळ ठिकाणी जेवलो, पण या वाइनला हे जेवण द्यावं ही अक्कल पाहिली नाही. कुणाची ही कल्पना?

खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. ठकूबाई दगडांपाशी उकिडवी बसून माझी वाट पाहत होती. ‘त्या बाईची’ म्हणायला दोन शब्द पुरले असते. त्याच वेळी वस्तीचंही बोलता आलं असतं, मोठा साहेब इतका खूष होता की त्यानं तिथंच कागद मागवला असता. आणि माझं काहीच गेलं नसतं. गारव्याची युक्ती माझी होती, ओतणं माझं होतं, ते त्यानं पाहिलंच होतं. पण मला तिचं नाव त्याच्या कानात जायला नको होतं. त्यानं बाहेर जाऊन तिला पाहावं, तिच्याशी माझ्यामार्फत बोलावं, तिच्या नाकाची तारीफ करावी, आणि मी मध्ये उभं राहून ती तारीफ मराठीत सांगावी, हे मला सोसवलं नसतं.

मी म्हणालो, ‘‘माझी, साहेब.’’

रांधलं कुणी, असं मोठ्या साहेबानं विचारलं. मी सांगितलं, एका गावच्या बाईकडून समोर उभं राहून करून घेतलं. पाहुण्यानं मान डोलावली. मुंबईची जागा त्या मान डोलावण्यात मला मिळाली.

मागच्या अंगणात गेलो तेव्हा ठकूबाई उठून उभी राहिली. साहेबाला आवडलं का, असं तिनं डोळ्यांनीच विचारलं. आता खरं सांगितलं असतं तर वस्तीचं का नाही बोललात, हा पुढचा प्रश्न आला असता. म्हणून मी म्हणालो, काही खास नाही झालं. बरंचसं पानात टाकलं.

तिचा चेहरा उतरला.

‘‘मीठ कमी पडलं का, दादा?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो, ‘‘मीठच कमी होतं.’’

ती स्वतःवरच चिडली. माझा हात कधी चुकत नाही, आजच कसा चुकला, असं पुटपुटत तिनं दगड विस्कटले, राख सारली आणि रिकामी टोपली घेऊन उतरून गेली. वस्तीचं पुन्हा काढलं नाही. चुकलेल्या हातानं मागायचं कसं, असं तिला वाटलं असणार. पावसाळ्याच्या आत ती खोपटी उठली. मी तोवर मुंबईला पोचलो होतो.

क्लबात मी उमेदीची सगळी वर्षं काढली. रविवारच्या दुपारी तिथं मेंढीचं मटण आणि साधी तांबडी वाईन मिळायची, आणि सभासद त्याला ‘डोंडीचं मटण’ म्हणत. तिथल्या आचाऱ्याला मी ठकूबाईची सगळी रीत सांगितली होती. त्याला ती चव कधी साधली नाही, तरी लोक खूष होते. त्यांनी मूळचं खाल्लंच नव्हतं. नव्या पोरांना मी शिकवायचो की तुरट वाइनला चरबी द्या, मिरची देऊ नका, आवळल्या जिभेवर मिरची आग लावते. कुणी विचारलं, हे कुठं शिकलात, तर मी नुसता हसायचो. एवढ्या वर्षांत तिचं नाव एकदाही माझ्या तोंडून गेलं नाही. ते जळमट मनातून उतरलंच नव्हतं. तिनं काही केलं नव्हतं, उलट तिचीच वस्ती गेली होती, तरी मी तिच्यावर जळतच राहिलो.

नोकरी सोडून गावी आलो, त्याला आता तीन वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाला मारुंजीला गेलो होतो. तिथं कुणीतरी सांगितलं की ठकू धनगरीण इथंच लेकीकडे असते. न जाता परत फिरणार होतो, पण पाय वळले. अंगणात वाकलेली एक म्हातारी बसली होती. मी नाव सांगितलं तर तिनं मला वासावरूनच ओळखल्यासारखं तोंड वर केलं. डोळे गेले होते. दादा, कवा आलात, असं इतक्या आनंदानं म्हणाली की मी तिच्यापाशी खाली बसलो. मला जेवल्याशिवाय सोडायला ती तयार नव्हती. लेकीला बाजूला सारून स्वतः चुलीशी बसली. मेंढीचं मटण, मिरची नाही, मिरे चार. एक तुकडा बिरोबाला ठेवला आणि मला वाढलं.

पहिला घास घेतला आणि तोंड खारट झालं. इतकं, की गिळवेना. खोटं कशाला लिहू, मला आधी बरं वाटलं. वाटलं, गेला एकदाचा तिचा हात. हे वाटलं ते अर्धा घास टिकलं असेल.

लेक हसत म्हणाली की आई सगळ्यातच मीठ जास्त घालते, घरातली माणसं ओरडतात, पण ती ऐकत नाही. ठकूबाईनं तिला गप्प केलं आणि माझ्या दिशेनं वळली.

‘‘त्या दिसापास्नं म्या येक चिमूट जास्तीच घालतिया. आता बराबर हाय का, दादा?’’

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिचा चेहरा आशेनं माझ्याकडे वळलेला होता. मी म्हणालो, बरोबर आहे, अगदी बरोबर आहे.

ती समाधानानं मागं टेकली. मग म्हणाली, ‘‘तवाच येवढी चिमूट घातली असती, तर आमची वस्ती ऱ्हायली असती, न्हाई का?’’

मी ताट पुढं केलं आणि आणखी वाढायला सांगितलं.